ट्रेलरचे नाक

सदर : वर्गाबाहेरचे धडे

गेल्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळेला चिपळूणहून एका वाचक भगिनींचा फोन आला. सलाम-दुआ झाली, मुलाबाळांची चौकशी झाली, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, तरी त्या मुद्द्यावर येईनात. शेवटी म्हणाल्या, "सर, माझा मुलगा इंग्लंडला असतो. लहानशी गाडी आहे त्याच्याकडे. आता घर बदलतोय, आणि म्हणतो, गाडीच्या मागे ट्रेलर जोडून सामान मीच नेणार. कराडच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या उलटलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. तेव्हापासून झोप नाही. तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून विचारते, एवढ्याशा गाडीमागे असले काही लावणे बरे असते का?"

मी म्हटले, "आपा, बरे असते, पण त्याला एक अट आहे. ती अट पुस्तकात वाचूनही मला कळली नव्हती. रस्त्यावर कळली. फोनवर सगळे सांगता येणार नाही, पुढच्या अंकात लिहितो."

म्हणून यावेळचा धडा ट्रेलरचा. आपल्याकडे लहान गाडीमागे ट्रेलर क्वचितच दिसतो. पण आपल्या कितीतरी घरांतली मुले-मुली ब्रिटनमध्ये आहेत आणि तिथे ही रोजची गोष्ट आहे. मजुरी महाग, टेम्पो महाग. त्यामुळे बागेतला कचरा असो, जुने कपाट असो की मुलीचे होस्टेलचे सामान असो, लोक दुकानातून दिवसाच्या भाड्याने दोन चाकांचा ट्रेलर आणतात, घरच्या गाडीला जोडतात आणि निघतात.

माझी मोठी आपा आणि दुल्हेभाई अठरा वर्षांपासून बर्मिंगहॅमला राहतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्याच दिवसांत भाचीला ब्रिस्टलच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली. तिला तिथे खोली मिळाली होती, पण रिकामी. आपाने वर्षभर हळूहळू तिच्यासाठी सामान जमवून ठेवले होते : जुनी पण चांगली वॉशिंग मशीन, लहान फ्रिज, पलंग, गादी, दोन खुर्च्या आणि पुस्तकांची व भांड्यांची चार खोकी. बर्मिंगहॅम ते ब्रिस्टल सुमारे दीडशे किलोमीटर. दुल्हेभाईंनी ट्रेलर भाड्याने आणला.

सामान चढवताना अर्थातच मी पुढे. मास्तरकी अंगात मुरलेली असली की माणूस पाहुणा असल्याचे विसरतो. पलंगाच्या फळ्या आणि गादी पुढे लावली. त्यामागे खोकी, मग फ्रिज. वॉशिंग मशीन सर्वांत जड, सत्तर एक किलोची. तिकडच्या मशीनमध्ये ती हलू नये म्हणून आत चक्क काँक्रीटचा ठोकळा असतो. दुल्हेभाई म्हणाले, "ही आधी मध्ये ठेवूया का?" मी म्हटले, "नको. उतरवताना सर्वांत आधी जड वस्तू उतरवायची, म्हणजे दम असतो. म्हणून चढवायची सर्वांत शेवटी." मशीन ट्रेलरच्या अगदी शेपटाकडे, मागच्या फळीला टेकून उभी केली. वर दोन पट्टे आवळले, ताडपत्री घातली. सगळ्यांना ते पटले. सर सांगताहेत म्हटल्यावर कोण बोलणार?

दहा सेकंद

शहरातून बाहेर पडेपर्यंत काही जाणवले नाही. दुल्हेभाई गाडी चालवत होते, मी शेजारी, आपा आणि भाची मागे. एम ५ या मोटारवेवर गाडी लागली, वेग ताशी ५५ मैलांपर्यंत गेला. आपल्या हिशेबाने नव्वदच्या जवळपास. गाडीचे स्टिअरिंग जरा वेगळे लागते आहे असे दुल्हेभाई एकदा म्हणालेही. मी म्हटले, "नवा रस्ता आहे, गुळगुळीत आहे."

मग एके ठिकाणी रस्ता उताराला लागला आणि त्याच वेळी उजवीकडून एक मोठी प्रवासी बस आम्हाला ओलांडून गेली. तिच्या वाऱ्याचा धक्का बसला. एवढा धक्का नेहमीच बसतो, त्याचे काही वाटत नाही. पण यावेळी मागून कुणी गाडीचे शेपूट धरून डावीकडे ओढावे तसे झाले. लगेच उजवीकडे. पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जोराने. आरशात पाहिले तर ट्रेलर रागावलेल्या मांजराच्या शेपटासारखा दोन्ही बाजूंना फटके मारत होता. मागे आपा मोठ्याने दुआ पढू लागली. भाचीने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी पकडली.

आणि मी ओरडलो, "ब्रेक मारा! ब्रेक!"

दुल्हेभाईंनी ब्रेक मारला नाही. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलला. दुसरी, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवले. ट्रेलर डावीकडे गेला म्हणून त्यांनी उजवीकडे वळवले नाही, उजवीकडे गेला म्हणून डावीकडे नाही. ओठ घट्ट मिटले होते. गाडीचा वेग आपोआप उतरत गेला. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. झोके लहान होत गेले आणि थांबले. सगळा प्रकार फार तर दहा सेकंदांचा. नंतर कितीतरी वेळ गाडीत कुणीच बोलले नाही.

पुढे विसाव्याचे ठिकाण येईपर्यंत आम्ही चाळीस मैलांच्या वेगाने डाव्या कडेच्या लेनमधून गेलो. तिथे थांबल्यावर मी त्यांना विचारले, "तुम्ही माझे ऐकले नाही, ते बरे झाले. पण ब्रेक का नाही मारला?" ते म्हणाले, "हायवे कोडमध्ये लिहिले आहे. ट्रेलर झोके घेऊ लागला की पाय सैल सोडायचा आणि वेग हळूहळू कमी करायचा. जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबते, पण मागचे वजन थांबत नाही. ते पुढे ढकलते आणि गाडी व ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे एकमेकांवर दुमडतात."

वीस वर्षे मी मुलांना जडत्वाचा नियम शिकवतो आहे. बस थांबली की प्रवासी पुढे का झुकतो, हे नववीच्या वर्गात दरवर्षी विचारतो. आणि त्या दहा सेकंदांत मागच्या चारशे किलोंच्या प्रवाशाची मला आठवण झाली नाही.

वजन बरोबर, जागा चुकीची

विसाव्याच्या ठिकाणी शेजारी एक मालट्रक उभा होता. त्याचा वयस्कर चालक चहा पीत आमच्याकडे पाहत होता. जवळ आला, ताडपत्री उचलून आत डोकावला आणि म्हणाला, "ट्रेलर गाडीपासून सोडा आणि नाक उचलून बघा." ट्रेलरचा पुढचा दांडा, जो गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसतो, त्याच्या टोकाला तिकडे नाकच म्हणतात. दुल्हेभाईंनी कुलूप उघडताच मी वाकून दोन्ही हात लावले, पण जोर लावायची गरजच पडली नाही. नाक माझ्या हाताला लागायच्या आत स्वतःहून वर आले.

म्हणजे आमचा ट्रेलर गाडीचे शेपूट खाली दाबत नव्हता, वर उचलत होता. स्टिअरिंग वेगळे का लागत होते आणि गाडी एवढ्या सहज का डुलली, ते आता कळले. गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार कमी झाला होता, त्यांची रस्त्यावरची पकड सुटू पाहत होती. वर शेपटाकडे सत्तर किलोंचा लंबक. एकदा बाजूला ढकलला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. कमी वेगात असे झोके आपोआप विरतात. एका ठराविक वेगाच्या वर ते विरत नाहीत, वाढतात. म्हणूनच शहरात काही जाणवले नव्हते.

आम्ही सगळे सामान उतरवले आणि नव्याने लावले. वॉशिंग मशीन चाकांच्या दांड्याच्या, म्हणजे ॲक्सलच्या, किंचित पुढे. तिला लागून फ्रिज. जड खोकी त्यांच्याभोवती तळाला. गादी, खुर्च्या, हलके सामान पुढे-मागे आणि वर. मग त्या चालकाने विचारले, "वजनकाटा आहे?" भाची हसली. आपाने खोलीसाठी दिलेला न्हाणीघरातला वजनकाटा एका खोक्यात होता. सपाट जमिनीवर काटा ठेवला, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा केला आणि ट्रेलर आडवा समतल राहील अशा बेताने नाक त्यावर टेकवले. काटा २५ किलोंवर थांबला. चालक म्हणाला, "आता जा."

रात्री ब्रिस्टलला पोहोचल्यावर मी कागद घेऊन बसलो. वाचकांनी हा हिशेब जरूर पाहावा. आठवीच्या मुलाला येईल इतका सोपा आहे. गाडीच्या गोळ्यापासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत अंतर साधारण २०० सेंटिमीटर. ॲक्सल हा तरफेचा टेकू. मी मशीन ठेवली होती ती ॲक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे. ७० किलो गुणिले ७० भागिले २००, म्हणजे साडेचोवीस किलोंनी ती नाकाला वर उचलत होती. नंतर तीच मशीन ॲक्सलच्या १० सेंटिमीटर पुढे ठेवली. ७० गुणिले १० भागिले २००, म्हणजे साडेतीन किलोंनी ती नाक खाली दाबू लागली. एकाच वस्तूची जागा ऐंशी सेंटिमीटर बदलली आणि नाकावर २८ किलोंचा फरक पडला. नवा आकडा २५ होता, म्हणजे बाकीचे सामान जवळपास तसेच धरले तर आधीचा आकडा उणे तीनच्या आसपास होता.

आणखी एक गोष्ट त्या हिशेबात दिसली. आमचे एकूण वजन चुकलेले नव्हते. रिकामा ट्रेलर १५० किलो, मशीन ७०, फ्रिज ५५, पलंग आणि गादी ६०, चार खोकी मिळून ६०, खुर्च्या १५. एकूण ४१० किलो. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी होती ४५० किलोंची. कागदावर आम्ही पूर्ण सुरक्षित होतो. जी चूक होती ती जागेची होती, आणि ती माझी होती.

आपांच्या मुलासाठी : निघण्याआधी

आता ज्यांच्यासाठी लिहायला बसलो त्या आपांच्या मुलाकडे येतो. त्याने पुढच्या गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

पहिली गोष्ट गाडीची पुस्तिका. प्रत्येक गाडी ओढण्यासाठी मान्य केलेली नसते. काही लहान गाड्यांना कंपनीने ओढायची परवानगीच दिलेली नसते. तसे असेल तर विषय तिथेच संपला. परवानगी असेल तर दोन आकडे शोधायचे : ब्रेक नसलेला ट्रेलर जास्तीत जास्त किती वजनाचा चालेल, आणि गोळ्यावर जास्तीत जास्त किती भार चालेल.

ब्रिटनचा कायदा असा आहे की, स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे सामानासह वजन ७५० किलोंपेक्षा जास्त नको आणि गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापेक्षाही जास्त नको. या दोन्हींत जो आकडा लहान तो धरायचा. लहान गाडी साधारण १०५० किलोंची असली तर निम्मे म्हणजे ५२५. पण कंपनीने ४५० सांगितले असेल तर ४५० हीच मर्यादा. त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे पुष्कळ जण विसरतात. १५० किलोंचा ट्रेलर असेल तर सामानाला उरले ३००. शिवाय गाडी, ट्रेलर, माणसे आणि सामान मिळून सर्वांची एकत्र मर्यादा गाडीवरच्या पट्टीवर छापलेली असते. गाडीत चार मोठी माणसे आणि डिकी भरलेली असेल तर ती मर्यादा आधीच जवळ आलेली असते. आम्ही चौघे एकाच गाडीत बसलो होतो. आज मी म्हणेन, दोघांनी रेल्वेने जावे.

परवान्याबद्दलही लोक विचारतात. १ जानेवारी १९९७ नंतर गाडीची परीक्षा पास झालेल्यांना तिकडे मोठ्या ट्रेलरसाठी पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. परीक्षा गेली, पण शिकायची गरज गेली नाही. उलट वाढली, कारण आता विचारणारा कुणी नाही. विमा कंपनीलाही आधी कळवावे. ट्रेलर जोडलेला असताना काय भरून मिळते आणि काय नाही, ते कागदावर पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट सामानाची मांडणी. सर्वांत जड वस्तू ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, आणि तळाला. डावी-उजवी बाजू सारखी. जड वस्तू उंचावर ठेवली तर वळणावर ट्रेलर कलंडतो. नाकावरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण पाच ते सात टक्के असावा, असे तिकडे कॅरॅव्हानवाल्यांनाही सांगतात. ४१० किलोंना तो साडेवीस ते जवळपास एकोणतीस किलो येतो. आमचे २५ त्यात बसले. सामान फार पुढे ढकलणेही वाईटच. मग गाडीचे शेपूट दबते, नाक वर उठते. ज्या चाकांनी गाडी वळायची आणि ओढायची त्या पुढच्या चाकांची पकड कमी होते, आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा. दहा मिनिटांचे काम आहे.

बांधायला नायलॉनची दोरी नको. रॅचेटचे पट्टे घ्यावेत आणि ते ट्रेलरच्या कड्यांतून घालावेत, ताडपत्रीच्या नाही. ताडपत्री वाऱ्यासाठी असते, सामान धरायला नसते. ब्रेक लागला तर वस्तू पुढे सरकेल, वळणावर बाजूला सरकेल. दोन्ही बाजूंनी विचार करून पट्टा आवळावा. काही मैल गेल्यावर थांबून पुन्हा एकदा आवळावा, कारण सामान बसते आणि पट्टा सैल पडतो.

तिसरी गोष्ट जोडणी. युरोपात गाडीमागचा गोळा ५० मिलिमीटरचा असतो. ट्रेलरची वाटी त्यावर बसली की दांडी खटकन पडते. आवाजावर विसंबू नये. ट्रेलरच्या पुढच्या लहान चाकाची मूठ फिरवून नाक जरा वर उचलावे. वाटी नीट बसली असेल तर नाकाबरोबर गाडीचे शेपूटही वर येते. न येता वाटीच सुटली तर अल्लाहचे शुक्र माना की घराच्या अंगणात सुटली. मग ते लहान चाक पूर्ण वर करून घट्ट करावे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला एक साखळी किंवा तार असते. ती गाडीच्या पक्क्या भागाला अडकवायची, म्हणजे वाटी निसटली तरी ट्रेलर मोकाट सुटत नाही. ब्रेक असलेल्या ट्रेलरला वेगळी तार असते. ट्रेलर सुटलाच तर ती त्याचे ब्रेक ओढते.

चौथी गोष्ट दिवे आणि चाके. विजेचा प्लग लावून एकाने गाडीत बसावे आणि दुसऱ्याने मागे उभे राहावे : डावा, उजवा, ब्रेक, मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा. ट्रेलरच्या मागे गाडीचाच नंबर लावावा लागतो आणि दोन लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर असावे लागतात. टायरमध्ये हवा थंड असताना भरावी, नटबोल्ट पान्याने तपासावेत. भाड्याचा ट्रेलर वर्षभर अंगणात उभा असतो; त्याचे टायर झिजत नाहीत, पण उन्हापावसाने बाजूंना चिरतात. चीर दिसली की दुसरा मागावा. लाज बाळगू नये.

रस्त्यावर

ब्रिटनमध्ये ट्रेलर जोडलेल्या गाडीला दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटारवेवर ६० मैल ही कमाल मर्यादा आहे. तीन किंवा जास्त लेन असतील तर सर्वांत उजवीकडची लेन वापरायची नाही. पण कमाल म्हणजे तेवढे चालवायलाच हवे असे नाही. ब्रिस्टलपर्यंतचा उरलेला रस्ता आम्ही पन्नासच्या आत काटला. अर्धा तास उशीर झाला.

ट्रेलर मागे असताना गाडी हळू वेग घेते आणि हळू थांबते, म्हणून पुढच्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट धरावे. उताराला लागण्याआधीच वेग कमी करावा आणि खालचा गियर टाकावा. उतारावर मध्येच जोराने ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नये. मोठ्या गाड्या ओलांडून जाताना आणि पुलावर आडवा वारा असताना स्टिअरिंग दोन्ही हातांत हवे. वळणावर ट्रेलर गाडीपेक्षा आतून कापतो, त्यामुळे वळण जरा मोठे घ्यावे, नाहीतर ट्रेलरचे चाक फुटपाथवर चढते. आणि झोके सुरू झालेच, तर दुल्हेभाईंनी केले ते करावे : पाय सैल, हात सरळ, ब्रेकला हात-पाय नाही, वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा मोह नाही. वेग उतरला की पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान तपासावे. एकदा झोका आला म्हणजे काहीतरी चुकले आहे. ते दुरुस्त न करता पुढे जाऊ नये.

मागे घेण्याचे एक गुपित दुल्हेभाईंनी शिकवले. गाडी मागे घेताना ट्रेलर उलटा वागतो आणि माणूस गोंधळतो. त्यावर उपाय असा : स्टिअरिंगच्या तळाशी हात धरायचा. ट्रेलरचे शेपूट डावीकडे न्यायचे असेल तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायचे असेल तर उजवीकडे. अगदी थोडे थोडे. लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर वळतो आणि लवकर दुमडतो. दुमडू लागला की सरळ पुढे जायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास सराव केला तर पुढे भररस्त्यात घाम फुटत नाही.

आणि मुले असोत की मोठी माणसे, ट्रेलरमध्ये कुणी बसायचे नाही. दोन मिनिटांसाठीही नाही.

आपल्या घाटातली गोष्ट

आपल्याकडे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे लोहाराकडून दोन चाकांचा गाडा बनवून घ्यावा आणि गाडीमागे अडकवावा, असे चालत नाही. त्याची नोंदणी आणि विमा लागतो. कुणाच्या मनात असेल तर आधी आरटीओत चौकशी करावी आणि गाडीची पुस्तिका पाहावी.

पण तरफ कायद्याने बदलत नाही. लग्नाला किंवा ईदला गावी जाताना आपल्या लहान गाडीत पाच माणसे, डिकीत पातेली आणि वर कॅरियरवर ट्रंका असतात. कॅरियरवर जड वस्तू ठेवली की कुंभार्ली घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडी बाहेर झुकते. जड पातेली आणि तांदूळ डिकीत तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावेत. कॅरियरवर गाद्या, चादरी, कपडे. भरलेल्या गाडीसाठी टायरमधली हवा जास्त लागते. तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळ चिकटवलेला असतो. घाट ज्या गियरमध्ये चढता त्याच गियरमध्ये उतरा, हा जुन्या एस. टी. चालकांचा नियम आजही खरा आहे. आणि ज्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांनी मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत, ट्रॉलीत वऱ्हाड बसवू नये. चिपळूणच्या आपांनी जे पाहिले ते आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेले आहे.

सुट्टी संपवून मी परत आलो तेव्हा नववीत तरफेचा धडा यायचा होता. दरवर्षी मी फळ्यावर त्रिकोण आणि रेघ काढत असे. त्या वर्षी फळा पुसून ठेवला. प्रत्येक बाकाला एक पेन्सिल, एक फूटपट्टी आणि काही नाणी दिली. पेन्सिल म्हणजे ॲक्सल. पट्टीचे एक टोक बोटावर टेकवायचे. ते गाडीचा गोळा. मुलांना म्हटले, "आता नाणी ठेवा, आणि बोटाला काय वाटते ते सांगा." मागच्या बाकावरचा एक मुलगा नाणी मागच्या टोकाकडे सरकवत गेला आणि एकदम म्हणाला, "सर, पट्टी उचलली! बोट सुटले!"

मी त्याला म्हटले, "शाबास. मला हे कळायला चाळीस वर्षे आणि एम ५ चा उतार लागला." वर्ग हसला. त्यांना ते विनोदाने म्हटलेले वाटले.

भाचीची ती मशीन ब्रिस्टलमध्ये अजून चालते आहे. दुल्हेभाईंच्या गॅरेजमध्ये आता वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा कायम ठेवलेला असतो, आणि शेजारीपाजारी ट्रेलर घेऊन निघाले की तो मागायला येतात.

चिपळूणच्या आपांना एवढीच विनंती : हा लेख मुलाला फोनवर वाचून दाखवा. सगळा ऐकायला त्याला वेळ नसेल तर जड वस्तू ठेवायची जागा आणि झोका आल्यावर पायाने काय करायचे, हे दोन भाग तरी वाचा. आणि शेजारी बसलेला कुणी "ब्रेक मारा" म्हणून ओरडला, मग तो मास्तर का असेना, तर त्याचे ऐकू नको, असेही सांगा.